दक्षिण फ्रान्समधील आर्देश, सेझ आणि गार्दों नद्यांच्या खोऱ्यांतले शांत सायकलमार्ग सुचवा

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी पत्नी आणि मी सहा दिवसांसाठी दक्षिण फ्रान्समध्ये सायकली घेऊन जाण्याच्या विचारात आहोत. आव्हिन्योंपर्यंत रेल्वेने जायचे आणि तिथून पश्चिमेकडच्या डोंगराळ नदीखोऱ्यांत शिरायचे, एवढेच ठरले आहे. आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. पुण्यात असताना सिंहगडाचा घाट महिन्यातून एकदा तरी चढतो, त्यामुळे चढाची धास्ती नाही. मात्र सामान सायकलवरच असणार असल्याने दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे जायचे नाही.

ज्याला विचारावे तो आर्देश नदीच्या घळीवरून जाणाऱ्या डी 290 या रस्त्याचे नाव घेतो. छायाचित्रे पाहून तो रस्ता सुंदर आहे याबद्दल शंका उरत नाही, परंतु तो शांत आहे का, याचे उत्तर कोणी देत नाही. शांत रस्ता म्हणजे माझ्या लेखी असा रस्ता की जिथे आम्हा दोघांना शेजारी शेजारी, एकमेकांशी बोलत सायकल चालवता येईल. असा रस्ता त्या भागात आहे का? आणि जायचे ते मे महिन्यात की सप्टेंबरअखेरीस?

चढउतार

डी 290 अवश्य करा. मी तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हालों-पों-दार्कहून सें-मार्तेंपर्यंत तो रस्ता केला. गावातून निघाल्यावर पाचेक किलोमीटरवर पों-दार्क लागतो. नदीने स्वतःच खडक कोरून तयार केलेली ती कमान 54 मीटर उंच आहे आणि तिच्याखालून नदी वाहते. त्यानंतर रस्ता नदीला सोडून वर चढू लागतो आणि सेर-द-तूरच्या सज्ज्यावर पोहोचला की खाली नदीचे संपूर्ण वळण एका नजरेत दिसते. काही ठिकाणी कडे तीनशे मीटरपर्यंत उंच आहेत. मी सकाळी साडेसहाला निघालो होतो आणि पहिल्या दीड तासात मला मोजून दोन गाड्या भेटल्या. तिथपर्यंत जाऊन हा रस्ता टाळणे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन न घेता परतण्यासारखे आहे.

लिओंकर

चढउतार, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो सकाळी साडेसहाचा आहे. मी सात वर्षे लिओंमध्ये राहतो आणि हा रस्ता एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा तीन वेगवेगळ्या महिन्यांत केला आहे. जुलैमध्ये दहानंतर तिथे मोटारसायकलींचे ताफे, राहण्याच्या मोठ्या व्हॅन आणि होड्यांच्या गाड्या यांची रांग लागते. लोक व्हालोंजवळ होडीत बसतात, घळीतून सुमारे तीस किलोमीटर वल्हवत सें-मार्तेंजवळ उतरतात आणि मग त्यांना व त्यांच्या होड्यांना परत वर नेण्यासाठी दिवसभर बस आणि ट्रेलर फिरत राहतात. खांद्याजवळून होड्यांनी लादलेला ट्रेलर जातो तेव्हा शेजारी शेजारी चालवण्याचा विचारही मनात येत नाही.

शिवाय एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्या रस्त्यावरून नदी फक्त सज्ज्यांवर थांबल्यावरच दिसते. मधल्या मोठ्या टप्प्यांत दोन्ही बाजूंना सदाहरित ओकची खुरटी झाडी आणि चुनखडीचे खडकच असतात. तशीच झाडी आणि तसेच खडक नदीच्या दुसऱ्या तीरावरही आहेत आणि तिकडे वाहने नाहीत.

माझा सल्ला असा की तुम्ही तीर बदला. डी 290 डाव्या तीरावर आहे. सें-मार्तेंच्या झुलत्या पुलावरून नदी ओलांडली की उजव्या तीरावर, कड्याच्या टोकावर एगेझ हे दगडी गाव आहे. तिथून लाव्हाल-सें-रोमां, ल गार्न, ओर्न्याक आणि लाबास्तिद-द-व्हिराक अशी पठारावरची गावे ओलांडत सालाव्हासला उतरायचे आणि पूल ओलांडून व्हालों गाठायचे. सुरुवातीला दोनशे-अडीचशे मीटरचा चढ आहे, पण तो सौम्य आहे. वर पोहोचल्यावर द्राक्षांचे मळे, लॅव्हेंडरच्या रांगा आणि ओकची झाडी आलटून पालटून येतात. ओर्न्याकला 1935 मध्ये सापडलेली चुनखडीची प्रचंड गुहा आहे. तिच्यासाठी दोन तास राखून ठेवा, कारण उन्हातून आल्यावर तो गारवा दिवसभराचा शीण घालवतो.

सह्यवेडी

लिओंकर, या पठारी रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे? आणि सावली मिळते का? आमच्या गटातील दोघींना उन्हाचा त्रास होतो.

लिओंकर

डांबर उत्तम आहे, खड्डे नाहीत. परंतु काही ठिकाणी खडबडीत खडी वापरलेली असल्याने अठ्ठावीस मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर हाताला त्रास देतात. सावली मात्र मिळत नाही, कारण तिकडचा ओक पुरुषभर उंचीचाच असतो. सावली हवी असेल तर एक खोरे दक्षिणेला सरका आणि सेझ नदीकाठी या. माझ्या मते मुळाकाठ यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर सेझच आहे.

सेझ ही आर्देशची धाकटी बहीण म्हणावी अशी नदी आहे. तिलाही घळ आहे, कडे आहेत, नितळ पाणी आहे. परंतु तिच्या घळीला लागून मोठा रस्ता बांधलेला नाही, म्हणून तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. मोंक्लू हे गाव नदीच्या वेढ्यात बसलेले आहे. पुढे गुदार्गमध्ये गावातूनच पाट वाहतो आणि त्याच्या दोन्ही काठांना उंच प्लेनच्या झाडांची दाट सावली असते. त्याच्याही पुढे ला रोक-सुर-सेझ येथे दगडी पुलावरून टेकडीवरच्या गावात शिरता येते आणि जवळच सोतादेचे धबधबे आहेत. तिथे खडकात पाण्याने खोल रांजण कोरले आहेत. ते पाहावेत, पण पाण्यात उतरू नये. तिथे पोहण्यास बंदी आहे आणि अनेकांनी त्या रांजणांत जीव गमावला आहे.

नीमकर

मी नीम शहराजवळ राहतो, म्हणून ऋतूबद्दल लिहितो. रस्ता चुकला तर परत फिरता येते, परंतु इथे महिना चुकला तर सगळा बेत फसतो.

भूमध्य समुद्राचे पाणी उन्हाळाभर तापते. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात समुद्रावरून येणारे ओलसर वारे सेव्हेन डोंगराला अडतात आणि एकाच जागी तासन्‌तास पाऊस कोसळतो. कोकणातून आलेले ढग घाटमाथ्यावर अडतात तसाच हा प्रकार आहे. फरक एवढा की आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत विभागून येतो आणि इथे तो कधी कधी एका दिवसात येतो. 8 आणि 9 सप्टेंबर 2002 रोजी आंद्यूझ परिसरात 24 तासांत 600 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि गार जिल्ह्यात वीसहून अधिक लोक मरण पावले. आंद्यूझच्या गार्दोंला तेव्हा आलेल्या पुराच्या खुणा लोक आजही दाखवतात.

सायकलस्वाराच्या दृष्टीने धोका आहे तो फरशी पुलांचा. इथल्या आडरस्त्यांवर ओढे ओलांडायला असे ठेंगणे पूल पुष्कळ आहेत. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये उझेसच्या उत्तरेला मी अशाच एका पुलापाशी पोहोचलो. माझ्या डोक्यावर आकाश निळे होते, रस्ता कोरडा होता आणि तरीही पुलावरून गुडघाभर गढूळ पाणी वाहत होते, कारण पाऊस वर डोंगरात झाला होता. काठावर उभे राहून मी पाहत होतो तेवढ्यात पाण्याबरोबर एक अख्खे झाड आले आणि पुलाच्या कडेला अडकून आडवे झाले. पंधरा मिनिटांपूर्वी आलो असतो तर मी बहुधा सायकल हातात घेऊन ते पाणी ओलांडायला निघालो असतो. तेव्हापासून मी हवामान खात्याची हिरवी, पिवळी, नारिंगी आणि लाल अशी जी चार रंगांची सूचना असते ती रोज सकाळी पाहतो आणि नारिंगी दिसली की सायकल बाहेर काढत नाही.

जुलै-ऑगस्टचा विचारही करू नका. 28 जून 2019 रोजी शेजारच्या एरो जिल्ह्यातील व्हेरार्ग येथे 46 अंश तापमान नोंदले गेले आणि तो फ्रान्समधील उच्चांक आहे. मेचा उत्तरार्ध मात्र उत्तम असतो: दिवस मोठा, नद्यांना पाणी, रस्त्याच्या कडेला जेने नावाच्या झुडपाची पिवळीधमक फुले. एकच काळजी घ्या. रोनच्या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्ट्रल नावाचा वारा सुटतो. तो समोरून आला तर सपाट रस्ताही घाटासारखा वाटतो, म्हणून रोनकाठचे टप्पे उत्तरेकडून दक्षिणेकडे आखा.

चढउतार

नीमकर, ही माहिती मला तीन वर्षांपूर्वी मिळायला हवी होती. फरशी पुलाचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

लिओंकर यांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते, तरीही डी 290 पूर्णपणे वगळू नये असे माझे मत कायम आहे. मुळाकाठ, व्हालोंमध्ये मुक्काम करा आणि सामान खोलीत ठेवून पहाटे फक्त पों-दार्कपर्यंत जाऊन या. जाऊन-येऊन दहाच किलोमीटर होतात. त्याच परिसरात शोव्हे गुहा आहे, जी 1994 मध्ये सापडली आणि जिच्या भिंतींवर तीस हजार वर्षांहून जुनी चित्रे आहेत. मूळ गुहा बंद आहे, परंतु 2015 पासून तिची हुबेहूब प्रतिकृती पाहता येते.

गिअरबद्दल सांगायचे तर सामानासह जाणार असाल तर मागच्या कॅसेटला, म्हणजे दातेरी चक्रांच्या संचाला, किमान 34 दात्यांचे चक्र असू द्या. तिकडचे घाट आपल्या घाटांपेक्षा लांब असतात, पण उतारमान एकसारखे असते. गावात शिरणाऱ्या गल्ल्या तेवढ्या छाती फोडणाऱ्या आहेत.

दूरदेशी

चढ अजिबात नको असणाऱ्यांसाठी दोल्च व्हिया हा मार्ग सुचवतो. आर्देश जिल्ह्याच्या उत्तर भागात एरिये नदीच्या काठाने पूर्वी अरुंद रुळांची रेल्वे धावत असे. ती 1968 मध्ये बंद पडली आणि त्या मार्गावर आता सायकलवाट आहे. शाखा धरून सुमारे 90 किलोमीटर अंतर होते आणि एकही मोटार भेटत नाही. रेल्वेचाच मार्ग असल्याने चढ जाणवत नाही, जुने बोगदे आणि दगडी पूल ओलांडत जायचे.

चढउतार

दूरदेशी, ती वाट सुंदर आहे, परंतु तिचा बराच भाग दाबलेल्या मातीचा आणि बारीक खडीचा आहे. मुळाकाठ यांनी रस्त्यांविषयी विचारले आहे. पंचवीसच्या टायरवर तिथे जाऊ नये.

दूरदेशी

मान्य आहे. आम्ही अडतीसच्या टायरवर होतो, म्हणून आम्हाला जाणवले नाही. तरीही ज्यांना शांतता हीच पहिली गरज वाटते त्यांनी टायर बदलावेत, वाट सोडू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

सह्यवेडी

पिण्याच्या पाण्याचे काय करता? आणि आम्ही शाकाहारी आहोत. लहान गावांत जेवणाचे हाल होतील का?

नीमकर

पाण्याची सोय गावाच्या कारंज्यांवर होते, परंतु पाटीवर पाणी पिण्यायोग्य नाही असे लिहिले असेल तर ते भरू नये. जिथे काहीच सापडत नाही तिथे गावाच्या दफनभूमीत जावे. फुलांना पाणी घालण्यासाठी तिथे नळ असतो आणि तो बहुधा गावाच्या पुरवठ्याचाच असतो. इथले सायकलस्वार वर्षानुवर्षे तिथेच बाटल्या भरतात. शांतपणे जावे, भरावे आणि फाटक लावून घ्यावे.

जेवणाचे हाल होणार नाहीत, पण वेळा पाळाव्या लागतील. दुकाने साधारण साडेबारा ते तीन बंद असतात आणि रविवारी दुपारनंतर काहीच मिळत नाही, म्हणून सकाळीच पाव, फळे आणि शेळीच्या दुधाचे चीज घेऊन ठेवावे. आर्देशमध्ये त्याला पिकोदों म्हणतात आणि सेव्हेनमध्ये पेलार्दों. चेस्टनटचा गोड मुरंबा तर डब्यात बाळगावाच. घाटाच्या निम्म्यावर ताकद संपते तेव्हा त्याचा एक चमचा पुरेसा होतो. पक्के शाकाहारी असाल तर चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट असते, हे लक्षात घ्या.

लिओंकर

नकाशाबद्दल दोन गोष्टी सांगतो. मिशेलिनच्या कागदी नकाशावर लाल रस्ते मोठे, पिवळे मध्यम आणि पांढरे स्थानिक असतात. शांतता हवी असेल तर पांढरे रस्ते जोडत जायचे आणि शक्य तिथे हिरवी किनार असलेले निवडायचे, कारण ती किनार निसर्गसौंदर्याची खूण आहे. रस्त्यावर बाणाच्या टोकासारख्या खुणा दिसतात त्या चढाच्या आहेत. एक खूण म्हणजे पाच ते नऊ टक्के, दोन म्हणजे नऊ ते तेरा आणि तीन म्हणजे त्याहून अधिक. टोक चढाच्या दिशेला असते. मोबाइलवर मार्ग आखून देणाऱ्या सुविधा अंतर वाचवायला पाहतात आणि नेमक्या पिवळ्या-लाल रस्त्यांवर नेऊन सोडतात.

आता नियम. आपल्याला डावीकडून चालवायची सवय असल्याने सकाळी निघताना आणि चौकात डावीकडे वळताना चूक होते. पहिल्या दिवशी एकमेकांना आठवण करून द्या. गावांमध्ये जिथे कोणतीच पाटी किंवा रेषा नसते तिथे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते. अगदी लहान गल्लीतून येणारी गाडीसुद्धा न थांबता पुढे येते आणि तो तिचा हक्क असतो. मुळाकाठ यांना हे वाचून बरे वाटेल की दिवसा दोघांनी शेजारी शेजारी चालवण्यास कायद्याने परवानगी आहे. मागून वाहन पुढे जाऊ पाहत असेल तेव्हा एकामागे एक व्हायचे. गावाबाहेर मोटारीने सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे आणि बहुतेक चालक ते पाळतात.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मेचा उत्तरार्ध नक्की केला. उजव्या तीराचे पठार आणि मग सेझ, असा आराखडा आहे. शेवटचे दोन दिवस मोकळे आहेत. नीमकर, गार्दोंकडे यावे का?

नीमकर

सेव्हेनमध्ये वर जायचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र चार दिवस हवेत. दोन दिवसांत ते आटोपू नका. सें-जां-द्यु-गारहून फ्लोराककडे डोंगराच्या धारेवरून जाणारा रस्ता प्रसिद्ध आहे आणि तो हजार मीटरच्या वर चढतो. प्रोटेस्टंट शेतकऱ्यांचे बंड मोडायला राजाचे सैन्य याच डोंगरात उतरले होते, 1702 ते 1704 या काळात. मी मात्र त्या धारेपेक्षा तिच्या उत्तरेची व्हाले फ्रान्सेज ही दरी पसंत करतो. तिथे गार्दोंच्या एका फाट्याच्या काठाने, चेस्टनटच्या सावलीतून, दगडी ताली घातलेल्या उतारांमधून रस्ता हळूहळू वर जातो. तीन मजली उंच, लहान खिडक्यांची घरे दिसतील. त्यांच्या माळ्यावर रेशमाचे किडे पाळत असत आणि खाली तुतीची झाडे असत. किड्यांवर रोग पडला म्हणून 1865 मध्ये लुई पाश्चर यांना आलेसला पाठवण्यात आले आणि पुढची काही वर्षे ते तिथे काम करत होते.

तुमच्या दोन दिवसांसाठी गुदार्गहून लुसां आणि तिथून उझेस हा टप्पा योग्य आहे. दुसऱ्या दिवशी पों-द्यु-गार हा रोमन पाटाचा दगडी पूल पाहून नीमला रेल्वे पकडा. रोमन लोकांनी उझेसजवळच्या झऱ्याचे पाणी याच पाटाने नीमला नेले. सुमारे 50 किलोमीटर अंतरात त्या पाटाला अवघा 12-13 मीटर उतार आहे. दिवसभर चढ-उतार करून दमलेल्या सायकलस्वाराला या आकड्याची थोरवी अधिक कळते.

मुळाकाठ (सात महिन्यांनंतर)

परत येऊन तीन आठवडे झाले. धागा वर काढतो, कारण इथे मिळालेल्या प्रत्येक सल्ल्याचा उपयोग झाला.

आव्हिन्योंहून पों-सेंतेस्प्रीपर्यंत रेल्वेने गेलो. 2022 पासून तिथे पुन्हा प्रवासी गाड्या थांबतात, त्यामुळे रोनकाठचा वाऱ्याचा टप्पा वाचला. एगेझच्या पुलावर आम्ही थांबलो. खाली पाण्याचा हिरवा रंग होता आणि वाळूवर होड्या पालथ्या घातलेल्या होत्या. डाव्या तीरावरून मोटारसायकलींचा आवाज येत होता आणि वीस मिनिटांनी आम्ही लाव्हालच्या चढावर होतो तेव्हा तो पूर्णपणे थांबला. ओर्न्याक ते लाबास्तिद या टप्प्यात आम्हाला चार वाहने भेटली, त्यांतला एक ट्रॅक्टर होता आणि त्याच्या चालकाने हात केला. पत्नी आणि मी तो सगळा टप्पा शेजारी शेजारी, गप्पा मारत केला.

एक अडचण आली. भाड्याने घेतलेल्या सायकलींपैकी एकीच्या मागच्या चाकाच्या दोन तारा बार्जाकच्या अलीकडे तुटल्या. दिवस सोमवारचा होता आणि जवळपासची दुरुस्तीची दुकाने बंद होती. भाड्याने देणाऱ्याने सुट्या तारा दिल्या नव्हत्या, आणि आम्हीही मागितल्या नव्हत्या. चाक ब्रेकला घासत होते म्हणून मागचा ब्रेक सैल करून, सामान दुसऱ्या सायकलवर लादून मोंक्लूपर्यंत सावकाश गेलो. पुढे कोणी जाणार असेल तर त्या सायकलीच्या मापाच्या तीन तारा आणि त्या बसवायची किल्ली मागून घ्यावी, आणि बसवायची कशी हे पुण्यातच शिकून जावे.

मोंक्लूला त्या संध्याकाळी नदीकाठी बसलो होतो. पत्नी पाण्यात पाय सोडून बसली, आणि पाणी इतके स्वच्छ होते की तिच्या पायाच्या बोटांभोवती जमलेले बोटभर लांबीचे मासे मला काठावरून मोजता येत होते.

चढउतार, तुमचेही ऐकले. त्याआधी व्हालोंहून पहाटे सहाला पों-दार्कपर्यंत गेलो होतो. कमानीखाली आमच्याशिवाय कोणी नव्हते.

चढउतार

हे वाचून फार आनंद झाला. आता मला सेझ करायला हवी.

सह्यवेडी

आम्ही चौघी पुढच्या मेमध्ये निघतो आहोत. मुळाकाठ, व्हालोंहून बार्जाकला कोणत्या रस्त्याने गेलात? नकाशावर सालाव्हास आणि व्हान्यासवरून सरळ रस्ता दिसतो.

मुळाकाठ

तो सरळ रस्ता घेऊ नका, त्याच्यावर ट्रक असतात. सालाव्हासहून पुन्हा लाबास्तिदला चढा, ओर्न्याकला या आणि तिथून बार्जाकला उतरा. अंतर वाढते आणि चढही पडतो. सकाळी आठच्या आत निघालात तर झाडी खुरटी असली तरी तिच्या लांब सावल्या रस्त्यावर असतात. लाबास्तिदच्या दफनभूमीत नळ आहे, तिथे बाटल्या भरून घ्या.